हेन्री मॉर्टन स्टॅन्ले आणि डेन्बीची नोंदवही

नाशिकास किंवा त्र्यंबकास गेलेला मनुष्य आपल्या उपाध्यायाचें घर शोधून काढतो आणि आपल्या कुळाची वही उघडावयास सांगतो. कोणत्या सालीं घरांतील कोण यात्रेस आला, त्याजबरोबर कोण होतें, मुलगे किती, मूळ गांव कोणतें, हें त्या पानांवर लिहिलेलें सांपडतें; आणि ज्याला आपल्या पणज्याचें नांव ठाऊक नव्हतें तो तें पाठ करून घरीं परततो. इंग्लंड व वेल्स ह्या देशांत हेंच काम गांवोगांवच्या देवळांतील वह्यांनीं केलें आहे. इ. स. १५३८ मध्यें, आठव्या हेन्री राजाच्या कारकीर्दींत, थॉमस क्रॉमवेल ह्याच्या हुकुमानें प्रत्येक पॅरिशमध्यें, म्हणजे एकेका देवळाच्या हद्दींत, बाप्तिस्मे, विवाह व प्रेतसंस्कार लिहून ठेवण्याचा प्रघात पडला. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या नोंदी छापील रकान्यांत होऊं लागल्या: मुलाचें नांव, आईबापांचीं नांवें, राहण्याचें ठिकाण, बापाचा धंदा. खानेसुमारी १८०१ पासून दर दहा वर्षांनीं होऊं लागली, आणि १८४१ पासून तिच्या कागदांवर घरोघरच्या माणसांचीं नांवें येऊं लागलीं. ह्या दोन प्रकारच्या वह्या शेजारीं शेजारीं ठेवून वाचल्या म्हणजे पुष्कळ हरवलेले पूर्वज हातीं लागतात.

पूर्वज हरवतात तीं कारणें बहुधा साधीं असतात. वहीला वाळवी लागते, लेखकाचें अक्षर लागत नाहीं, किंवा एकच आडनांव तीन प्रकारांनीं लिहिलेलें असतें. वेल्समध्यें तर आडनांवें इतकीं थोडीं कीं, तेथें जॉन रोलंड्स नांवाचा मनुष्य शोधणें म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्यांत रामा पाटील शोधण्यासारखें आहे. परंतु ज्या पुरुषाची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों तो वाळवीनें हरवला नव्हता. तो स्वतः होऊन लपला होता; आणि चमत्कार असा कीं, जगांत त्याची कीर्ति झाली ती एका हरवलेल्या मनुष्यास शोधून काढल्याबद्दल. डॉक्टर लिव्हिंग्स्टन ह्यांस आफ्रिकेच्या पोटांत जाऊन गांठणारा हेन्री मॉर्टन स्टॅन्ले शाळेंतल्या मुलांना ठाऊक आहे. हा स्टॅन्ले मूळचा कोण, कोठला, हें त्यानें हयातभर कोणास नीट सांगितलें नाहीं.

वेल्सच्या उत्तर भागांत डेन्बी नांवाचें एक जुनें गांव आहे. गांवाच्या वर टेंकडीवर पडका किल्ला, आणि किल्ल्याच्या अंगास लहान घरांची वस्ती. तेथें मोझेस पॅरी नांवाचा खाटकाचा धंदा केलेला म्हातारा राही. त्याची अविवाहित मुलगी एलिझाबेथ हिला २८ जानेवारी १८४१ रोजीं मुलगा झाला. १९ फेब्रुवारी रोजीं सेंट हिलरीच्या देवळांत त्याचा बाप्तिस्मा झाला व वहींत ओळ पडली. आई किल्ल्यावरील एलिझाबेथ पॅरी, बाप लान्राडर येथील लिस नांवाच्या शेतावरचा जॉन रोलंड्स, मुलाचें नांव जॉन. आणि त्या नांवापुढें अनौरस हा शब्द. लिहिणारानें तो दुष्टपणानें लिहिला असें आम्हांस वाटत नाहीं. त्या काळीं तशा मुलाची नोंद तशीच करीत, आणि शाई वाळल्यावर तो दुसऱ्या कामास लागला असेल. पण शाळेच्या वहींतील बापाच्या नांवाचा रकाना भरतांना एखाद्या मुलाचा चेहरा कसा उतरतो हें ज्या शिक्षकानें पाहिलें असेल, त्यास ह्या एका शब्दाचें वजन निराळें सांगावयास नको. खरा बाप रोलंड्स नसून गांवांतील एक वकील होता अशीही वदंता डेन्बींत होती. वदंतेला वही नसते, तेव्हां ती तेथेंच सोडूं.

त्या वर्षीं जून महिन्यांत खानेसुमारी झाली तेव्हां हें मूल अवघें चार महिन्यांचें होतें. आई लवकरच त्याला आजोबांच्या ओटींत टाकून चाकरीसाठीं निघून गेली. आजोबांनीं त्याला मायेनें वाढविलें. पण मुलगा पांच वर्षांचा झाला तोंच ते एकाएकीं वारले. मामांनीं आठवड्याला अर्धा क्राऊन देऊन त्याला शेजारच्या प्राइस नांवाच्या कुटुंबांत ठेविलें. पुढें मामांची लग्नें झालीं, संसार वाढले, पैसे येईनासे झाले. २० फेब्रुवारी १८४७ रोजीं प्राइसांच्या थोरल्या मुलानें त्याचें बोट धरलें व तुझ्या मावशीकडे जावयाचें आहे असें सांगून त्याला घराबाहेर काढलें. कांहीं मैल चालून झाल्यावर एका मोठ्या दगडी इमारतीच्या दारांत त्यानें घंटा ओढली, आणि मुलाला आंत सोडून तो परत फिरला. ती इमारत सेंट असाफचें वर्कहौस होती. १८३४ च्या कायद्यानंतर निराश्रित व कंगाल लोकांना कामाच्या बदल्यांत अन्न देण्यासाठीं अशीं गृहें जागोजाग बांधलीं होतीं. तेथें नवरा, बायको, मुलें ह्यांना निरनिराळ्या आवारांत ठेवीत, आणि आंत गेलेल्या मनुष्याची अब्रू बाहेरच राही अशी लोकांची समजूत होती. सहा वर्षांच्या मुलास मावशीचें नांव सांगून तेथें नेलें हें स्टॅन्ले म्हातारपणीं लिहावयास बसला तेव्हांही विसरला नव्हता. आमच्या मतें त्याच्या पुढील आयुष्यांतील पुष्कळ खोटेपणाचें मूळ त्या दारांतच आहे. पहिलें मोठें खोटें तो बोलला नव्हता. तें त्याला सांगण्यांत आलें होतें.

३० मार्च १८५१ च्या रात्रीं दुसरी नांववार खानेसुमारी झाली, तेव्हांही तो त्याच छपराखालीं होता. त्याच सुमारास त्याची आई दुसऱ्या मुलांसह तेथें आश्रयास आली. ती उंच स्त्री कोण आहे हें त्याला दुसऱ्यानें दाखवून द्यावें लागलें. आणि तिनें त्याच्याकडे अनोळखी मुलाकडे पाहावें तसें पाहिलें.

वर्कहौसच्या शाळेचा मास्तर जेम्स फ्रान्सिस पूर्वी खाणींत काम करी. तेथें अपघातांत त्याचा एक हात गेला होता. त्याच्या हाताखालीं मुलगा चांगला शिकला. भूगोल व चित्रकला ह्यांत तो पुढें असे, आणि सेंट असाफच्या बिशपांनीं त्याला पवित्र शास्त्राची एक प्रत बक्षीस दिली होती. पुढें आत्मचरित्रांत स्टॅन्लेनें ह्याच मास्तराचें चित्र राक्षसासारखें काढलें. मे १८५६ मध्यें एका दिवशीं मास्तर आपणास मारूं लागला, आपण उलट त्याला लोळविलें, आणि एका सोबत्यासह भिंतीवरून उडी टाकून पळून गेलों, असें तो सांगतो. हकीकत वाचतांना अंगावर रोमांच उभे राहतात. वर्कहौसची वही मात्र एवढेंच सांगते कीं, १३ मे १८५६ रोजीं जॉन रोलंड्स होलिवेलच्या राष्ट्रीय शाळेंत असलेल्या आपल्या नातेवाइकाकडे गेला. मारामारी नाहीं, उडी नाहीं, पलायन नाहीं. दोन हकीकती जुळेनाशा झाल्या म्हणजे कोणती धरावी? आम्हांस वाटतें, अशा वेळीं लिहिणारास खोटें लिहिण्याचें काय कारण होतें हें आधीं पाहावें. वर्कहौसच्या कारकुनास ह्या पोराविषयीं कांहींच वाटत नव्हतें. त्या वहीचा निष्काळजीपणा हाच तिचा खरेपणा.

होलिवेलजवळ ब्रिनफर्ड येथें त्याचा मावसभाऊ शिक्षक होता. तेथें मुलानें कांहीं दिवस विद्यार्थी व मदतनीस म्हणून काढले. मग मावशीच्या शेतावर मेंढरें राखलीं. मग लिव्हरपूलला दुसऱ्या नातेवाइकांकडे जाऊन दुकानांत हरकाम्या झाला. कोठेंच त्याला कोणी फार दिवस ठेवून घेतलें नाहीं. १८५८ च्या डिसेंबरांत तो विंडरमिअर नांवाच्या जहाजावर पोऱ्या म्हणून चढला, आणि १८५९ च्या आरंभीं अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स बंदरांत जहाज सोडून शहरांत नाहींसा झाला. जॉन रोलंड्स ह्या नांवाचा माग येथें बुजतो.

पुढील दोन वर्षांची हकीकत स्टॅन्लेनें मोठ्या प्रेमानें लिहिली आहे. एका दुकानाबाहेर वर्तमानपत्र वाचीत बसलेल्या एका सद्गृहस्थास त्यानें काम मागितलें. ते हेन्री होप स्टॅन्ले नांवाचे व्यापारी निघाले. त्यांनीं त्याला नोकरी दिली, पुत्राप्रमाणें वागविलें, एके दिवशीं कपाळावर पाणी शिंपून आपलें नांव दिलें, आणि १८६१ मध्यें ते परदेशीं वारले. पन्नास वर्षें लोकांनीं हें खरें मानलें. मग शोधकांनीं न्यू ऑर्लिन्सचीं दप्तरें उघडलीं. त्यांत रिचर्ड हॉल ह्यांनीं १९७४ मध्यें व टिम जील ह्यांनीं २००७ मध्यें प्रसिद्ध केलेलीं चरित्रें विशेष महत्त्वाचीं आहेत. हेन्री होप स्टॅन्ले नांवाचा कापसाचा व्यापारी त्या शहरांत खरोखर होता. पण तो १८६१ मध्यें वारला नव्हता; १८७८ पर्यंत जिवंत होता. ह्या मुलाला त्यानें दत्तक घेतल्याचा कोठेंही पुरावा नाहीं. मुलाला ज्यानें काम दिलें तो जेम्स स्पीक नांवाचा वाणी, आणि तो १८५९ च्या ऑक्टोबरांतच मरण पावला. १८६० च्या अमेरिकन खानेसुमारींत हा तरुण आर्कान्सा संस्थानांत सायप्रेस बेंड येथील दुकानीं दिसतो तो स्टॅन्ले ह्या आडनांवानें. म्हणजे नांव कोणी दिलें नव्हतें, त्यानें उचललें होतें. मधलें नांव तर त्यानें कितीदां तरी बदललें: मोर्ले, मोर्लेक, मोरलँड असें करीत करीत शेवटीं मॉर्टन ठरलें. नवा कोट अंगाला बसेतों शिंप्याकडे खेपा घालाव्या तसा हा प्रकार.

ज्याला बाप नाहीं त्यानें आपल्यासाठीं बाप रचला. ही लबाडी खरी; परंतु पैशासाठीं किंवा मानासाठीं रचलेल्या गोष्टींत आणि हिच्यांत फरक आहे असें आम्हांस वाटतें. आत्मचरित्रांतील सर्वांत कोमल पानें नेमकीं हीं खोटीं पानें आहेत.

अमेरिकेंतील यादवी युद्धांत तो प्रथम दक्षिणेच्या सैन्यांत होता. एप्रिल १८६२ मध्यें शायलोच्या लढाईंत कैद झाला, तुरुंगांतून सुटण्यासाठीं उत्तरेच्या तोफखान्यांत शिरला, आणि आजारामुळें थोड्याच दिवसांत सोडून दिला गेला. त्या वर्षाच्या अखेरीस तो फाटक्या कपड्यांनीं व पायीं वेल्समध्यें आईच्या दारीं आला. आतां तिचें लग्न झालें होतें व ती एक लहानशी खानावळ चालवीत असे. तिनें त्याला फार वेळ ठेवून घेतलें नाहीं. तो परत अमेरिकेस गेला, उत्तरेच्या आरमारांत कारकून झाला, व १८६५ मध्यें तेथूनही पळाला.

१८६६ च्या डिसेंबरांत तो पुन्हां डेन्बीस आला. ह्या वेळीं अंगावर आरमारी अंमलदाराचा पोषाख होता; तो घालण्याचा अधिकार मात्र त्याला नव्हता. त्यानें वर्कहौसच्या मुलांना खाऊ दिला. मग किल्ला पाहावयास आलेल्या लोकांसाठीं ठेवलेल्या पुस्तकांत सही केली. आपण पूर्वी ह्याच किल्ल्यावर राहत होतों व आतां अमेरिकेच्या आरमारांत अंमलदार आहों, अशा अर्थाची ती सही होती, आणि नांव लिहिलें होतें जॉन रोलंड्स. लपणारा मनुष्य कोठें तरी आपलें खरें नांव लिहून जातो ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. इतर ठिकाणीं स्टॅन्ले म्हणून वावरणाऱ्यास जन्मगांवीं तें नांव लिहवेना, किंवा लिहून उपयोग नव्हता. गांवाला दाखवावयाचें होतें तें रोलंड्सच्या पोराचें वैभव.

त्यापुढें त्याचें दैव उघडलें तें बातमीदाराच्या लेखणीनें. १८६८ मध्यें मुंबईच्या लष्कराचे सेनापति सर रॉबर्ट नेपिअर ह्यांनीं अबिसीनियावर स्वारी केली. स्वारीचें सैन्य बहुतेक मुंबईहून निघालें. तिच्याबरोबर स्टॅन्ले न्यूयॉर्क हेरल्ड पत्रातर्फें गेला होता. सुएझच्या तारमास्तराशीं आधींच संधान बांधून ठेविल्यामुळें मॅग्डाला पडल्याची बातमी त्याची सर्वांच्या आधीं पोंचली. पत्राचे मालक बेनेट ह्यांनीं ऑक्टोबर १८६९ मध्यें त्याला पॅरिसला बोलावून लिव्हिंग्स्टनचा शोध लावण्याचें काम सांगितलें. परंतु आधीं सुएझचा कालवा, यरुशलेम, कॉन्स्टँटिनोपल, इराण असा लांबचा फेरा करावयाचा होता. अशा रीतीनें तो १८७० च्या ऑगस्टांत मुंबईस पोंचला, व १२ ऑक्टोबर रोजीं येथून जहाजानें निघून पुढील जानेवारींत झांझिबारास उतरला. २ एप्रिल १८७१ रोजीं इंग्लंडांत खानेसुमारी झाली तेव्हां तो किनारा सोडून आफ्रिकेच्या आंतल्या वाटेस लागला होता. १८६१ च्या खानेसुमारीस तो अमेरिकेंत होता. १८८१ च्या खानेसुमारीस कांगो नदीकांठीं. मायदेशाच्या गणतींत तीन वेळां न सांपडणारा हा गृहस्थ!

१८७१ च्या अखेरीस टांगानिका सरोवराच्या कांठीं उजिजी येथें त्यानें लिव्हिंग्स्टनला गांठलें. त्या भेटींतील त्याचें एक थंड सभ्यतेचें वाक्य जगभर झालें; परंतु त्याच्या स्वतःच्या रोजनिशींतून त्या भेटीचें पान फाडलेलें आहे, व तें वाक्य मागाहून रचलें असावें असें जील ह्यांचें मत आहे. भेट मात्र खरी होती. औषधें, कापड व पत्रें हीं त्यानें डॉक्टरांस नेऊन दिलीं, आणि सुमारें चार महिने तीं दोन माणसें बरोबर राहिलीं. ज्याला खऱ्या बापाचा हात मिळाला नव्हता त्याला त्या म्हाताऱ्या मिशनऱ्यांत तो दिसला, हें त्याच्या पुढच्या सर्व लिहिण्यावरून कळतें.

१८७२ मध्यें तो इंग्लंडास परतला. व्हिक्टोरिया राणीनें रत्नजडित सोन्याची तपकिरीची डबी पाठविली. त्याच महिन्यांत वेल्सकडील लोक बोलूं लागले कीं हा अमेरिकन वगैरे कोणी नसून आमच्या डेन्बीचा जॉन रोलंड्स आहे. आईजवळून हकीकत गोळा करून लंडनच्या हॉटन नांवाच्या प्रकाशकानें त्याच वर्षीं एक चरित्रही काढलें. स्टॅन्लेनें साफ नाकारलें. आपण अमेरिकेचे, वेल्सशीं आपला संबंध नाहीं, असें तो सांगत राहिला. सेंट हिलरीची वही तेथेंच होती. कोणीही जाऊन पाहावी. पण एकदां नाकारल्यावर तेंच पुढें चालवावें लागलें. ज्या पुरुषाचा सत्कार राजेरजवाडे करीत होते तो रात्रीं कोणी वर्कहौसचें नांव काढील ह्या भीतीनें निजत असेल, हा विचार आमच्या मनांतून जात नाहीं.

त्याच्या पुढच्या पराक्रमाचें वर्णन येथें विस्तारानें करण्याचें प्रयोजन नाहीं. १८७४ पासून १८७७ पर्यंत तो पूर्व किनाऱ्यापासून कांगो नदीच्या मुखापर्यंत गेला. त्याचे तिन्ही गोरे सोबती वाटेंत मेले, आणि आफ्रिकन हमालांपैकीं तर कितीएक. ह्या प्रवासानें नकाशावरची मोठी कोरी जागा भरली. परंतु बुंबिरे बेटावरील लोकांवर त्यानें केलेला गोळीबार विसरतां येत नाहीं, आणि सामान वाहणाऱ्यांच्या पाठीवरचे कोरडेही. पुढें बेल्जमचा राजा लिओपोल्ड ह्याच्या नोकरींत १८७९ ते १८८४ पर्यंत त्यानें कांगोकांठीं रस्ते केले, ठाणीं बसविलीं, सरदारांशीं करारमदार केले. त्या पायावर उभ्या राहिलेल्या राज्यांत रबरासाठीं आफ्रिकन लोकांवर जे अनन्वित जुलूम झाले ते करणारा तो नव्हता. पण दार त्यानें उघडून दिलें होतें. १८८७ ते १८८९ ची एमीन पाशाच्या सुटकेची मोहीम तर कीर्तीइतकीच निंदा घेऊन परतली. मोठा मनुष्य म्हटला कीं त्याचीं पापें झांकावीं हा चरित्रलेखनाचा जुना प्रघात आम्हांस मान्य नाहीं. अनाथपणानें त्याला सोसण्याची शक्ति दिली. कींव तितकी दिली नाहीं.

१२ जुलै १८९० रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींत डॉरथी टेनंट हिच्याशीं त्याचा विवाह झाला. आई १८८६ मध्येंच वारली होती. १८९२ मध्यें तो पुन्हां ब्रिटिश प्रजाजन झाला, १८९५ मध्यें पार्लमेंटांत गेला, १८९९ मध्यें सर झाला. त्याला मूल झालें नाहीं. १८९६ मध्यें त्या दोघांनीं वेल्समधील एक तान्हें मूल दत्तक घेतलें व त्याचें नांव डेन्झिल ठेविलें. ज्यानें आपणास दत्तक घेतल्याची गोष्ट रचली होती त्यानें शेवटीं दत्तकविधान केलें तें खरें, आणि तेंही ज्या देशाशीं आपला संबंध नाहीं असें त्यानें सांगितलें होतें त्याच देशांतून.

१० मे १९०४ रोजीं तो लंडनमध्यें वारला. लिव्हिंग्स्टनच्या शेजारीं आपणास जागा मिळावी ही त्याची इच्छा होती. ॲबीच्या मुख्य धर्माधिकाऱ्यांनीं ती नाकारली. सरे परगण्यांत पिरब्राइटच्या देवळाच्या आवारांत त्याच्यावर एक प्रचंड ओबडधोबड शिळा उभी आहे. तिच्यावर त्याचें घेतलेलें नांव आहे, आणि कांगोच्या लोकांनीं दिलेलें बुला मातारी, म्हणजे खडक फोडणारा, हें नांवही आहे. सेंट हिलरीच्या वहींतलें नांव मात्र तेथें नाहीं. जन्माचें साल तेवढें वहीशीं जुळतें. १९०९ मध्यें पत्नीनें त्याचें अपुरें आत्मचरित्र छापलें. त्यांत वर्कहौस व रोलंड्स हें नांव त्यानेंच अखेर उघड केलेलें जगाला दिसलें. मानलेल्या बापाची गोष्ट मात्र तींतही तशीच होती. तेवढी त्याला सोडवली नाहीं. वर्कहौसच्या इमारतींचें पुढें इस्पितळ झालें व त्याला स्टॅन्लेचें नांव मिळालें. तें २०१२ मध्यें बंद झालें. डेन्बीच्या लोकांनीं २०११ मध्यें त्याचा पुतळा उभारला. तो ठेवावा कीं काढावा ह्यावर २०२१ मध्यें गांवांत मतें घेतलीं, आणि ठेवावा असें ठरलें.

एक गोष्ट मुद्दाम शेवटास ठेविली, कारण ती आपल्या नाशिकची आहे. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या गलबतांवरून इंग्रजी जहाजांनीं सोडविलेल्या आफ्रिकन मुलांना आणून चर्च मिशनरी सोसायटी नाशिकजवळ शरणपूर येथें शिकवीत व धंदा लावून देत असे. तेथला एक मुलगा जेकब वेनराइट. तो याओ जातीचा. १८७२ मध्यें स्टॅन्लेनें झांझिबारहून लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठीं जीं माणसें रवाना केलीं त्यांत तो होता. १ मे १८७३ रोजीं डॉक्टर वारले, तेव्हां त्यांच्या सोबत्यांनीं, चुमा व सुसी ह्यांच्या पुढारीपणाखालीं, त्यांचें काळीज तेथेंच झाडाखालीं पुरलें. त्या वेळीं प्रार्थना वाचली ती वेनराइटनें, आणि झाडाच्या खोडावर अक्षरेंही त्यानेंच कोरलीं. मग कित्येक महिने चालून त्यांनीं प्रेत किनाऱ्यास आणलें. १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींत डॉक्टरांस मूठमाती देण्यांत आली, तेव्हां पेटीच्या बाजूंनीं चालणाऱ्या आठ मानकऱ्यांत स्टॅन्ले होता, आणि शरणपूरचा वेनराइटही होता.

दोघांचींही नांवें जन्माचीं नव्हतीं. एकानें आपलें जन्मनांव वहींत असतां टाकलें होतें. दुसऱ्याचें गांव जळलें किंवा लुटलें गेलें तेव्हां तो लहान होता, आणि जेकब वेनराइट हें नांव त्याला परक्यांनीं दिलें. तो १८९२ मध्यें पूर्व आफ्रिकेंत उरांबो येथें वारला. ज्या याओ गांवांतून त्याला धरून नेलें तेथें वही ठेवणारें देऊळ नव्हतें, उपाध्याय नव्हता, खानेसुमारीचा कारकून नव्हता.